परदेशात जाऊन इंग्रजी शिकवायचंय? दिलीप चित्रेंच्या इथिओपियापासून आजच्या व्हिसापर्यंतची गोष्ट

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर. यातल्या कुठल्याही स्टेशनातून बाहेर पडा, स्पोकन इंग्लिश आणि आयेल्ट्सच्या क्लासची एखादी तरी पाटी दिसतेच. इंग्रजी शिकायचं आणि परदेशी जायचं, हा रस्ता उपनगरातल्या घराघरात माहीत आहे. पण इंग्रजी शिकवायलाच परदेशी गेलो तर?

इन्स्टाग्रामवर हे स्वप्न रोज दिसतं. व्हिएतनाम किंवा थायलंडमधलं एखादं शहर, दिवसाला चार-पाच तास वर्ग, उरलेल्या वेळात भटकंती आणि लेखन. या रील्समधले चेहरे बहुतेक वेळा अमेरिकन किंवा ब्रिटिश असतात. मग प्रश्न पडतो, की आपल्यासारख्या भारतीय पासपोर्टवाल्यांना हे जमतं का?

थोडक्यात उत्तर असं: जमतं, पण सगळीकडे नाही. आणि कुठे जमेल, हे तुमचं इंग्रजी किती चांगलं आहे यापेक्षा त्या देशाचा नियम 'इंग्रजी कोणाची भाषा आहे' असं मानतो यावर जास्त ठरतं. गंमत म्हणजे साठ वर्षांपूर्वी एका देशाने याचं उत्तर फार वेगळं दिलं होतं, आणि त्या देशात इंग्रजी शिकवायला मुंबईहून एक मराठी कवी गेला होता.

१९६०: मुंबईचा कवी, इथिओपियाचा वर्ग

दिलीप पुरुषोत्तम चित्रे यांचा जन्म १९३८ साली बडोद्यात झाला. १९५१मध्ये कुटुंब मुंबईत आलं. १९५४मध्ये त्यांनी अरुण कोलटकर आणि इतर मित्रांसोबत 'शब्द' हे अनियतकालिक सुरू केलं. मराठीतल्या लिटल मॅगझिन चळवळीची सुरुवात अनेक जण इथून मोजतात. १९६०मध्ये 'कविता' हा त्यांचा पहिला संग्रह आला.

त्याच वर्षी, वयाच्या बाविशीच्या आसपास, चित्रे इथिओपियाला गेले. काम होतं इंग्रजी शिकवण्याचं. तिथे तीन वर्षं काढून ते १९६३मध्ये मुंबईला परतले. या वास्तव्यातून पुढे 'शिबा राणीच्या शोधात' हे प्रवासवर्णन आलं. शिबाच्या राणीशी आपलं नातं सांगणारी राजघराण्याची दंतकथा इथिओपियात प्रसिद्ध आहे, शीर्षक तिथून आलेलं.

पुढचा प्रवास अनेकांना ठाऊक असेल. तुकारामांच्या अभंगांचा त्यांनी केलेला इंग्रजी अनुवाद 'सेज तुका' १९९१मध्ये प्रसिद्ध झाला. १९९४मध्ये साहित्य अकादमीने त्यांना मराठी कवितेसाठी आणि या अनुवादासाठी असे दोन्ही पुरस्कार दिले. २००९मध्ये पुण्यात त्यांचं निधन झालं. मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत आयुष्यभर लिहिणाऱ्या या माणसाची परदेशातली पहिली मोठी नोकरी इंग्रजीच्या शिक्षकाची होती, हे मात्र फारसं सांगितलं जात नाही.

इथिओपियाला भारतीय शिक्षकच का हवे होते?

चित्रे एकटे नव्हते. १९४०च्या दशकापासून सत्तरीपर्यंत हजारो भारतीय शिक्षक इथिओपियाच्या शाळांत शिकवत होते. त्यात केरळच्या शिक्षकांची संख्या मोठी होती. 'कटिंग फॉर स्टोन' या गाजलेल्या कादंबरीचे लेखक आणि डॉक्टर अब्राहम वर्गीज यांचा जन्म १९५५मध्ये अदिस अबाबात झाला, कारण त्यांचे आई-वडील असेच तिथे शिकवायला गेलेले होते.

यामागचं कारण इतिहासात आहे. १९३६ ते १९४१ या काळात इथिओपियावर मुसोलिनीच्या इटलीचा ताबा होता. या पाच वर्षांत शाळा मोडल्या. १९३७च्या हत्याकांडात शिकलेल्या तरुणांना वेचून मारलं गेलं. १९४१मध्ये सम्राट हैले सेलासी परतले तेव्हा देश पुन्हा उभा करायला शिकलेली माणसंच उरली नव्हती.

शाळा पुन्हा उघडताना परकीय भाषा म्हणून इंग्रजीला पहिलं स्थान मिळालं. पूर्वी तो मान फ्रेंचचा होता. माध्यमिक शाळेत बाकीचे विषयही इंग्रजीतून शिकवायचे होते. म्हणजे शिक्षक हवे होते, तेही भरपूर, आणि लगेच.

भारत या गरजेला नेमका जुळत होता. इथे इंग्रजीतून शिकलेले पदवीधर होते. नोकऱ्या कमी होत्या आणि शिक्षकांचे पगार तुटपुंजे. ब्रिटिश किंवा अमेरिकन शिक्षकापेक्षा भारतीय शिक्षक परवडणारा होता. त्यात तो अशा समाजातून आलेला, जिथे इंग्रजी ही घरची नाही, शाळेत कष्टाने शिकलेली भाषा आहे. विद्यार्थी नेमका कुठे अडखळतो हे त्याने स्वतः अनुभवलेलं असायचं. १९५६मध्ये हैले सेलासी भारताच्या दौऱ्यावर आले, तोवर दोन्ही देशांतलं हे नातं चांगलंच रुजलं होतं.

१९६२मध्ये अमेरिकेच्या पीस कोअरचे पहिले स्वयंसेवक इथिओपियात उतरले आणि मोठ्या संख्येने शाळांत शिकवू लागले. एकाच देशात अमेरिकन तरुण आणि भारतीय शिक्षक, दोघंही इंग्रजीचे मास्तर. भारतीय असणं हा तिथे अडथळा ठरला नव्हता.

मराठी माणसाला तिथे काय दिसलं असेल?

इथिओपिया आपल्याला वाटतो तितका परका नाही. मराठीतला 'हबशी' हा शब्द तिथल्याच 'हबेशा' या नावाशी जोडलेला आहे. औरंगाबादचं मूळ असलेलं खडकी वसवणारा मलिक अंबर इथिओपियात जन्मलेला. जंजिऱ्याचे सिद्दीही मूळचे पूर्व आफ्रिकेतले.

अम्हारिक भाषेची लिपी पाहिली तर आपली बाराखडी आठवते. एकेका व्यंजनाची स्वरांप्रमाणे सात रूपं होतात. मूळ अक्षरं ३३, म्हणजे एकूण २३१ चिन्हं. जेवणात टेफ या धान्याची आंबवलेली इंजेरा असते, दिसायला आपल्या घावनाची मोठी बहीण.

वर्षाचे महिने मात्र तेरा. नवं वर्ष सप्टेंबरमध्ये सुरू होतं आणि सन आपल्या इंग्रजी कॅलेंडरपेक्षा सात-आठ वर्षं मागे. म्हणजे १९६० साली मुंबईहून निघालेला माणूस तिथे उतरला तेव्हा भिंतीवरच्या कॅलेंडरवर १९५२ किंवा १९५३ असणार! घड्याळही सूर्योदयापासून मोजलं जातं. आपले सकाळचे सात म्हणजे तिथला एक.

तो काळही साधा नव्हता. डिसेंबर १९६०मध्ये सम्राट परदेशात असताना राजधानीत उठाव झाला आणि तो चिरडला गेला. मे १९६३मध्ये आफ्रिकी ऐक्य संघटनेची स्थापना अदिस अबाबातच झाली. मराठी कवी तिथे होता ती तीन वर्षं साधारण या दोन घटनांच्या मधली.

विलेपार्ल्याहून लीड्सला

याच दशकात उलट्या दिशेचाही प्रवास घडत होता, आणि त्याचं टोक आपल्या पश्चिम उपनगरात आहे.

निसीम इझिकेल हे भारतीय इंग्रजी कवितेतलं मोठं नाव. जन्म १९२४, मुंबईतल्या बेने इस्रायल कुटुंबात, म्हणजे पिढ्यान् पिढ्या मराठी बोलणाऱ्या समाजात. १९६१ ते १९७२ ते विलेपार्ल्याच्या मिठीबाई कॉलेजात इंग्रजीचे विभागप्रमुख होते. १९६४मध्ये ते इंग्लंडच्या लीड्स विद्यापीठात अभ्यागत प्राध्यापक म्हणून गेले. १९६७मध्ये अमेरिकेत शिकागो विद्यापीठात त्यांनी व्याख्यानं दिली.

चित्रे आणि इझिकेल या दोघांना एकत्र ठेवलं की एक गोष्ट लक्षात येते. साठच्या दशकात मुंबईच्या लेखकाचं इंग्रजी आफ्रिकेतल्या शाळेत चालत होतं आणि इंग्लंडच्या विद्यापीठातही.

मग 'नेटिव्ह स्पीकर' आला कुठून?

आज नोकरीच्या जाहिरातीत 'फक्त नेटिव्ह स्पीकर' हे शब्द सर्रास दिसतात. ही कल्पना कशी रुजली, याचा एक धागा १९६१मध्ये सापडतो. त्या वर्षी युगांडातल्या मकेरेरे इथे राष्ट्रकुल देशांची इंग्रजी अध्यापनावर परिषद झाली. आदर्श शिक्षक म्हणजे ज्याची मातृभाषाच इंग्रजी आहे तो, हा समज या काळातल्या धोरणांत पक्का होत गेला. रॉबर्ट फिलिप्सन या भाषाशास्त्रज्ञाने १९९२मध्ये 'लिंग्विस्टिक इम्पिरियलिझम' या पुस्तकात या समजाला सरळ भ्रम म्हटलं. त्याचा मुद्दा सोपा होता: भाषा बोलता येणं वेगळं आणि शिकवता येणं वेगळं.

दुसरं महत्त्वाचं नाव ब्रज काचरू या काश्मिरी भाषाशास्त्रज्ञाचं. त्यांनी १९८५मध्ये जगातल्या इंग्रजीची तीन वर्तुळं मांडली.

• आतलं वर्तुळ: ब्रिटन, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलियासारखे देश
• बाहेरचं वर्तुळ: भारत, नायजेरिया, सिंगापूर यांसारखे देश, जिथे इंग्रजी शिक्षणात, कोर्टात आणि साहित्यात मुरलेली आहे
• विस्तारतं वर्तुळ: चीन, जपान, कोरियासारखे देश, जिथे ती परकीय भाषा म्हणून शिकली जाते

आजच्या व्हिसाच्या नियमांचा पेच इथेच आहे. विस्तारत्या वर्तुळातल्या देशांना शिक्षक हवेत. बाहेरच्या वर्तुळात ते भरपूर आहेत. पण नियम अनेकदा फक्त आतल्या वर्तुळाचा पासपोर्ट मागतात. इंग्रजी शिक्षकांची आंतरराष्ट्रीय संघटना 'टेसॉल'ने २००६मध्ये या भेदभावाविरोधात अधिकृत भूमिका घेतली. जाहिराती मात्र अजून तशाच आहेत.

आज भारतीयांना कुठे संधी आहे?

दक्षिण कोरिया: इंग्रजी शिक्षकाचा ई-२ व्हिसा मुळात सात देशांच्या नागरिकांसाठी आहे: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. भारताला वेगळी वाट मिळाली ती भारत-कोरिया आर्थिक भागीदारी करारामुळे. हा करार १ जानेवारी २०१०पासून लागू आहे. पदवी आणि इंग्रजी विषयाची शिक्षक-पात्रता असलेल्या भारतीयांना त्याखाली शाळांत सहाय्यक इंग्रजी शिक्षक म्हणून अर्ज करता येतो. थोडक्यात, इथे तुमचं बी.एड. तुमच्या उच्चारांपेक्षा मोठं काम करतं.

जपान: सरकारचा जेट कार्यक्रम १९८७पासून सुरू आहे. त्यात अनेक देशांचे तरुण शाळांत सहाय्यक भाषाशिक्षक म्हणून जातात. भारतीयांसाठी जागा मोजक्याच असतात आणि अर्जाची माहिती जपानी दूतावासाकडून मिळते. खासगी संस्था बिगर-नेटिव्ह उमेदवाराकडे बहुधा बारा वर्षं इंग्रजी माध्यमात शिकल्याचा पुरावा मागतात. उपनगरातल्या इंग्रजी माध्यमाच्या शाळांत शिकलेल्यांनी दहावी-बारावीचे दाखले जपून ठेवावेत ते यासाठी.

व्हिएतनाम आणि थायलंड: इथे भारतीयांना दार बंद नाही, पण उंबरा उंच आहे. पदवी हवीच. त्यासोबत इंग्रजी शिकवण्याचं प्रमाणपत्र आणि आयेल्ट्स किंवा टोइकसारख्या परीक्षेचे गुण मागितले जातात. त्याच कामासाठी नेटिव्ह शिक्षकापेक्षा कमी पगार देऊ केला जाण्याची तयारी ठेवा आणि घासाघीस करा.

चीन: सर्वसाधारण नियम इंग्रजी ही मातृभाषा असलेल्या देशाचा नागरिक, पदवी आणि दोन वर्षांचा अनुभव असा आहे. त्यात २०२१मध्ये सरकारने शालेय विषयांच्या खासगी क्लासेसवर कडक निर्बंध आणले आणि तिथली मोठी बाजारपेठच आटली.

आखाती देश आणि मालदीव: रील्समध्ये न दिसणारी, पण भारतीयांसाठी सगळ्यात रुळलेली वाट हीच. आखातात भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळा मोठ्या संख्येने आहेत. मालदीवच्या शाळांत शिक्षणाचं माध्यम इंग्रजी आहे आणि तिथे भारतीय शिक्षक वर्षानुवर्षं जात आलेत. इथे पदवी, बी.एड. आणि शिकवण्याचा अनुभव हे तीन कागद बोलतात.

टेफल, सेल्टा की बी.एड.?

टेफल हे एका परीक्षेचं नाव नाही. परकीय भाषा म्हणून इंग्रजी शिकवण्याच्या कुठल्याही कोर्सला ते लावलं जातं. त्यामुळे ऑनलाइन सवलतीत मिळणारं प्रमाणपत्र आणि प्रत्यक्ष वर्गात शिकवून मिळवलेलं प्रमाणपत्र यांत जमीन-अस्मानाचं अंतर असू शकतं. साधारण १२० तासांचा कोर्स ही अनेक ठिकाणची किमान अपेक्षा असते.

सेल्टा हे केंब्रिजचं प्रमाणपत्र. त्यात खऱ्या विद्यार्थ्यांसमोर सहा तास शिकवावं लागतं आणि त्यावर परीक्षण होतं. या कोर्सचं मूळ १९६२मध्ये लंडनच्या इंटरनॅशनल हाऊसमध्ये सुरू झालेल्या शिक्षक-प्रशिक्षणात आहे.

ज्यांना एखाद-दोन वर्षं भटकायचंय त्यांना सेल्टासारखा कोर्स पुरेल. पण भारतीय पासपोर्टवर लांबचा विचार असेल तर बी.एड.ला पर्याय नाही. कोरियाचा करार असो की आखातातली शाळा, पात्र शिक्षक म्हणून तुमची ओळख तिथूनच सुरू होते.

कागदपत्रं: कंटाळवाणं पण निर्णायक

• पदवीचं प्रमाणपत्र: आधी विद्यापीठ आणि राज्य सरकारच्या पातळीवर पडताळणी, मग परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टील शिक्का. भारत २००५पासून अपोस्टील करारात आहे. जो देश या करारात नाही, त्याच्यासाठी दूतावासाकडून वेगळं साक्षांकन लागतं.
• पोलीस क्लिअरन्स: पासपोर्ट सेवा पोर्टलवरून अर्ज. उपनगरवाल्यांसाठी अंधेरी आणि मालाडची पासपोर्ट सेवा केंद्रं जवळची. हे प्रमाणपत्र ठरावीक काळापुरतंच ग्राह्य धरतात, त्यामुळे फार आधी काढून ठेवू नका.
• नावातला फरक: मार्कशीटवर आईचं नाव, पासपोर्टवर नाही, लग्नानंतर आडनाव बदललं. आपल्याकडे हे नेहमीचं आहे, पण परदेशातल्या अधिकाऱ्याला हे दोन वेगळे माणूस वाटू शकतात. अर्जाआधीच दुरुस्ती किंवा प्रतिज्ञापत्र करून घ्या.

फसवणूक कशी ओळखायची?

'आधी टुरिस्ट व्हिसावर या, वर्क परमिट नंतर करून देऊ.' हे वाक्य ऐकलं की तिथेच थांबा. टुरिस्ट म्हणून जाऊन शिकवणं बेकायदा आहे, आणि पकडलं गेल्यावर दंड आणि परतीचा रस्ता शिक्षकाच्या वाट्याला येतो, एजंटच्या नाही.

एजंटची नोंदणी परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासता येते. १९८३च्या उत्प्रवासन कायद्याखालच्या नियमांनुसार नोंदणीकृत एजंट जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि त्यावर जीएसटी एवढंच सेवाशुल्क घेऊ शकतो, तेही पावती देऊन. दोन-तीन लाख मागणारा माणूस नोकरी देत नाही, विकतोय.

धोका फक्त पैशांचा नाही. थायलंडमधल्या चांगल्या नोकरीच्या नावाखाली भारतीय तरुणांना म्यानमारमध्ये नेऊन सायबर फसवणुकीच्या कामाला जुंपल्याची प्रकरणं समोर आल्यावर परराष्ट्र मंत्रालयाने २०२२मध्ये इशारा दिला होता. ती आमिषं आयटीच्या नोकऱ्यांची होती, पण पद्धत कुठल्याही नोकरीला लागू होते. शाळेचं नाव, पत्ता आणि करार हातात आल्याशिवाय आणि शाळेशी थेट बोलल्याशिवाय तिकीट काढू नका.

करारात काय पाहायचं? पगार वर्षाचे बारा महिने मिळणार की सुट्टीचे कापणार, घरभाडं कोण देणार, विमा आहे का, नोकरी मध्येच सोडली तर व्हिसाचं काय होणार. आणि तुमचा पासपोर्ट तुमच्याकडेच राहणार ना?

आणि लेखन?

दिवसा शिकवू, रात्री लिहू, असा बेत असेल तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. जपान आणि कोरियासारख्या देशांत कामाचा व्हिसा ठरावीक कामापुरता असतो. त्याशिवाय पैसे मिळवून देणारं दुसरं काम करायला वेगळी परवानगी लागते. स्वतःची डायरी किंवा कविता कोणी अडवत नाही, पण मानधनाचा स्तंभ किंवा व्हिडिओची कमाई सुरू करण्याआधी चौकशी करा.

दुसरी गोष्ट वेळेची. पु. ल. देशपांड्यांची 'अपूर्वाई' १९६०चीच, चित्रे इथिओपियाला गेले त्याच वर्षाची. मराठीत प्रवासवर्णन म्हटलं की पाहुणा म्हणून केलेला असा प्रवास आधी आठवतो. नोकरी करणारा पाहुणा नसतो. त्याला तपासायच्या वह्या असतात, घरमालक असतो, पगाराची तारीख असते. त्यामुळे रोज रील टाकण्याइतका मजकूर कदाचित मिळणार नाही. पण बाजारात भाव करताना, पालकांशी बोलताना, विद्यार्थ्यांच्या चुका वाचताना तो देश जसा कळतो तसा हॉटेलच्या खिडकीतून कळत नाही.

शेवटी मुद्दा काय?

१९७४च्या क्रांतीत हैले सेलासींची सत्ता गेली. भारतीय शिक्षकांचा ओघ नायजेरिया, झांबिया आणि आखाताकडे वळला. पुढे या शतकात इथिओपियाने नवी विद्यापीठं काढली तेव्हा भारतीय प्राध्यापक पुन्हा तिथे दिसू लागले. आज मुंबई ते अदिस अबाबा थेट विमान आहे.

म्हणजे वाट कधीच बंद झाली नाही, फक्त तिचे नाके बदलले. पाटीवर 'नेटिव्ह' लिहिलेलं दिसलं म्हणून तुमचं इंग्रजी कमी ठरत नाही. तो त्या देशाचा नियम आहे, तुमच्या भाषेची परीक्षा नाही. त्यामुळे परदेशी उच्चारांच्या क्लासवर पैसे घालण्याआधी शिकवण्याच्या पात्रतेवर घाला. इथिओपियाने भारतीयांना बोलावलं ते शिक्षक म्हणून. ज्या देशांची दारं आज आपल्याला उघडी आहेत, तिथेही शिक्षक म्हणूनच आत जाता येतं.